मीठ बघून जाते

सोलापूरच्या डॉक्टरांनी माझ्या घशातली गाठ काढली आणि सांगितलं, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानं घसा उलट जास्त ताणतो. धुरात बसायचं नाही आणि फोडणीचा ठसका तर मुळीच लागू द्यायचा नाही. एकदा जोरात खोकला आला की केलेलं सगळं वाया. माझा नवरा शेजारीच उभा होता. त्यानं विचारलं, "म्हणजे अजिबातच बोलायचं न्हाई?" डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही. नवऱ्यानं मान डोलावली. त्या डोलावण्यात काळजी किती होती आणि सुटका किती, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. त्या वेळी तर विचारायचीही सोय नव्हती.

गाठ झाली यात नवल नव्हतं. मी आळंदला सरकारी मराठी शाळेत पहिलीचा वर्ग घेत होते. घरी कन्नड, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी अशी ती पोरं. त्यांना 'खाली बसा' एवढं सांगायचं तरी तीन भाषांत ओरडावं लागायचं. म्हैसूरचं कर्नाटक होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती आणि नवरा ज्या सरकारी बसवर कंडक्टर होता तिच्या पत्र्यावर नव्या रंगाखालून राज्याचं जुनं नाव अजून दिसायचं. माझ्या दुखण्यासाठी त्यानं त्या महिन्यापुरती दुपारची ड्यूटी मागून घेतली होती.

घरात आम्ही तिघंच, मी, नवरा आणि नववीतला मुलगा. दोन वेळच्या जेवणाची सोय लागली. पलीकडच्या गल्लीतली माझी मावशी भाकरी आणि डाळ करून पाठवणार होती. पण तुरीची काढणी चालू होती, ती उजाडायच्या आत रानात जायची आणि दुपारीच परतायची. त्यामुळं सकाळचा नाष्टा तेवढा उघडा पडला. नवऱ्याला चहा येत होता, तोही दूध उतू घालवून. रोज हॉटेलातली भजी आणली असती तर घरात माझा घसा आणि यांचं पोट अशी दोन दुखणी झाली असती. म्हणून मुलाला शिकवायचं ठरलं. ठरवलं मी, पाटीवर लिहून.

मुलाला मिसरूड फुटत होती आणि आवाजही. माझा आवाज गेलेला आणि त्याचा असा की एकाच वाक्यात तो बाप्याही असायचा आणि पोरगाही. त्या लाजेनं तो स्वतःच फारसा बोलत नसे. स्वयंपाकाचं वाचून तो एवढंच म्हणाला, "पोरं हसतील." बाप म्हणाला, उपाशी राहिलास तरी हसतीलच. मुलाला ते पटलं. त्याला त्या वयात अन्नाबद्दलचं काहीही पटायचं.

पहिल्या दिवशी सुसला करायचा ठरवला. सुसला म्हणजे चुरमुरे भिजवून, पिळून, त्यांना कांदा-मिरचीची फोडणी द्यायची, वर फुटाण्याच्या डाळीची पूड आणि लिंबू. लातूरकडं याला सुशीला म्हणतात. यात चुकण्यासारखं काही नाही असं मला वाटत होतं.

मी अंगणात, स्वयंपाकघराच्या दारासमोर स्टूल टाकून बसले. नाकाला ओला पदर, मांडीवर पाटी. मुलानं स्टोव्ह पेटवला, कढईत तेल टाकलं. मी 'मोहरी घाल' लिहून पाटी वर धरली. त्यानं घातली. आता 'तडतडली की जिरं' लिहायला मी पाटी खाली घेतली, पुसली आणि लिहू लागले. तेवढ्यात मोहरी तडतडली, उडाली, काळी पडली आणि धूर करू लागली. मुलगा हातात जिऱ्याचा डबा घेऊन शांतपणे पाटीची वाट बघत उभा. तो आज्ञाधारक होता, तेच आडवं आलं. मी घाईघाईनं पाटी वर धरली ती उलटी. त्यानं मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून मागची आज्ञा अजून चालू आहे असं समजून त्यानं पुन्हा मोहरी घातली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या पायऱ्या आधीच लिहून पाटी भिंतीला टेकवून ठेवली. त्यानं वाचल्या आणि केल्या. पण 'कांदा लाल होऊ दे' असं मी लिहिलं होतं, आणि आमच्याकडचा कांदा बाजारातूनच लाल आलेला. त्यानं कच्च्या कांद्यावरच चुरमुरे ओतले. मी स्टुलावरून हात केले, डोळे मोठे केले. त्याला वाटलं माझा घसा दुखायलाय. तो पाणी घेऊन धावत आला आणि मागं चुरमुरे करपले.

हे दोन दिवस खाल्ल्यावर नवऱ्यानं प्रकरण हातात घेतलं. त्याचं म्हणणं असं होतं की चालत्या गाडीत कंडक्टर आणि ड्रायव्हर कधी एकमेकांशी बोलतात का? गाडी भरलेली असते, कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही, तरी गाडी गुलबर्ग्याला पोचते. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. यापलीकडं माणसाला भाषा लागत नाही. तो त्याची ड्यूटीची शिट्टी मला द्यायला निघाला होता, पण फुंकण्यानंही घसा ताणेल म्हणून शेवटी तांब्या आणि चमचा दिला.

आणि ते चाललं. मुलगा कढईत तिखट टाकू लागला की मी पुरेसं होताच एक ठोका द्यायचे. तो थांबायचा. दोन ठोके, की हात पुन्हा चालू. नवरा दारात उभा राहून 'राइट' म्हणायचा. कांदा किती परतायचा, शेंगदाणे कधी काढायचे, सगळं ठोक्यावर. त्या दिवशीचा सुसला खाण्यासारखा झाला. नवऱ्याला एवढा चेव आला की संध्याकाळी त्यानं तीन ठोके म्हणजे गाडी मागं घे, असंही ठरवून टाकलं. मुलानं विचारलं, घातलेलं मीठ मागं कसं घ्यायचं? त्यावर बाप बराच वेळ विचार करत बसला आणि मग म्हणाला, "गाडी मागं घ्यायची पाळीच येऊ द्यायची न्हाई."

पण दोनच दिवसांनी कल्हईवाला आला. आमच्या दाराशेजारच्या लिंबाखाली त्यानं भाता मांडला आणि कल्हईच्या आधी एका पातेल्याचे पोचे काढायला बसला. नवरा तेव्हा आंघोळीला गेला होता. आत मुलाच्या हातात हळदीचा डबा. त्यानं चमचाभर हळद टाकली, मी एक ठोका दिला, तो थांबला. बाहेरून ठण, ठण. त्यानं आणखी चमचाभर टाकली. मी घाबरून पुन्हा एक ठोका दिला. तो थांबला. बाहेरून ठण, ठण. तो माझ्याकडं बघायचा, कपाळाला आठी घालायचा, पण हळद टाकायचा. मी हातानं नको नको केलं. ठोक्यावर विश्वास ठेवायचा, हातवाऱ्यावर नाही, असं बापानं बजावलेलं असल्यामुळं त्यानं माझ्या हातांकडं लक्ष दिलं नाही. मग बाहेरून सलग तीन बसले. मुलगा गोंधळून एक पाऊल मागं सरकला. गाडी मागं घे याचा दुसरा काय अर्थ असणार?

कढई पिवळीधमक झाली होती. मी उठले, पण दारापर्यंत गेले आणि मिरचीची वाफ नाकात शिरली. खोकला येऊ नये म्हणून तोंड दाबून मागं फिरले. तेवढ्यात शेजारची अक्का आली.

या अक्काबद्दल आधी सांगायला हवं. तिची आणि आमची भिंत एक. तिच्या नवऱ्याची बाजारात तुरीची आडत होती, घर खातंपितं, बोलणं कन्नड, पण माझ्याशी ती तिच्या पद्धतीचं मराठी बोलायची. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा नवरा शाळकरी होता. त्या गल्लीत आमचं एकच घर बौद्धांचं. अक्का मनानं वाईट नव्हती. सणाला ती पुरणाची होळगी भिंतीवरून द्यायची, वरच्या वर, माझ्या ताटाला तिचा हात लागणार नाही अशी. माझी छत्री न्यायची, माझ्याकडून स्वेटरचे टाके शिकायची, तासन्‌तास आमच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून गप्पा मारायची. पण उंबऱ्याच्या आत आली नव्हती आणि आमच्या घरचं पाणीही तिनं कधी घेतलं नव्हतं. एकदा वैशाखी पौर्णिमेला मी तिला खीर दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली, खूप कौतुक केलं. थोड्या वेळानं त्यांच्या गोठ्यातल्या गाईचं तोंड मला पांढरं दिसलं. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. गाय मात्र खूश होती.

तर ती अक्का ठणठण ऐकून उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली आणि तिनं कढई बघितली. कुठल्याही बाईला बघवलं नसतं. तिनं बाहेरूनच ओरडून सांगायला सुरुवात केली, "साकु रे, साकु, हळद पुरे झाली." मुलगा थांबला. मग ती म्हणाली, अजून थोडे चुरमुरे भिजव आणि मिसळ, म्हणजे हळद वाटली जाईल. त्यानं भिजवले, पण पिळायचं विसरून पाण्यासकट उचलले. ते बघून अक्का आत आली. उंबरा कधी ओलांडला हे तिलाही कळलं नसावं. तिनं त्याच्या हातातून चुरमुरे घेतले, घट्ट पिळले, कढईत टाकले, उलथनं फिरवलं, डाळीची पूड घातली. मग सवयीनं, जसं ती तिच्या घरी रोज करत असणार, उलथन्यावरचे दोन दाणे तळहातावर घेऊन तोंडात टाकले.

आणि तिथंच ती थांबली. तोंड मिटलेलं, डोळे माझ्याकडं. मी अंगणात तोंड दाबून उभी. मुलाला काय झालं ते समजलं नाही. तो माझ्या तांब्याकडं बघत होता. नवरा ओल्या अंगानं टॉवेल गुंडाळून आला आणि तोही उभा राहिला. बाहेर कल्हईवाला ठोकत होता.

अक्कानं गिळलं. मग ती म्हणाली, "मी खाल्ली न्हाई. मीठ बघितली." आणि पदर सावरून निघून गेली.

मला वाटलं, आता ती आठवडाभर तोंड दाखवणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं स्टोव्ह पेटवला तेव्हा ती उंबऱ्यावर हजर होती. म्हणाली, पोराच्या हाताला मिठाचा अंदाज न्हाई, टीचरबाईला बोलायला येत न्हाई, म्हणून मीठ बघून जाते. तिनं दोन दाणे घेतले, कमी आहे म्हणाली, गेली. तिसऱ्या दिवशी दोन दाण्यांत मीठ कळेना म्हणून चिमूटभर घेतलं. मग एका चिमटीत कांदा आला, शेंगदाणा आला नाही, म्हणून दुसरी घेतली. आठवड्यानंतर मुलगा तिच्यासाठी वाटी काढून ठेवू लागला. वाटीभर सुसला ती उभ्यानं संपवायची आणि दर वेळी मिठाबद्दल काहीतरी बोलून जायची. बसली असती तर ते खाणं झालं असतं, म्हणून ती बसायची नाही. पाय दुखायचे तिचे, भिंतीला टेकायची. आम्ही तिघांनीही एकमेकांत याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला तर काढताच येत नव्हता.

ती यायला लागल्यापासून मुलाचं शिकणं मात्र झपाट्यानं झालं. ती तोंडानं कन्नडमध्ये सांगायची, मी तांब्यावर ठोके द्यायचे. दोन्ही जुळले तर तो करायचा आणि नाही जुळले तर स्वतः विचार करायचा. बहुधा त्या मधल्या विचारातच तो शिकला. सुसला झाला, उप्पीट झालं, मग एक दिवस त्यानं ज्वारीच्या पिठाची धपाटी थापली. ती गोल नव्हती, पण भाजली नीट होती.

याच दिवसांत आमचे हेडमास्तर मला बघायला आले. चांगले धडधाकट, शाळेत दोन वर्गांपलीकडं आवाज जाणारे गृहस्थ. त्यांनी खुर्चीवर बसून माझ्याकडची पाटी मागून घेतली आणि तिच्यावर लिहिलं, 'तब्येत कशी आहे?' मी मान हलवली. त्यांनी पुसून लिहिलं, 'वर्गाची काळजी करू नका.' माझे कान शाबूत आहेत हे त्यांना कसं सांगावं ते मला सुचेना, कारण पाटी त्यांच्याकडं. नवरा आला, त्यानं हे बघितलं आणि त्याला वाटलं साहेबांच्याही घशाला काही झालं असेल. त्यानं पाटी घेऊन 'चहा घेणार का?' असं लिहिलं. हेडमास्तरांनी मान हलवली. मुलानं चहा आणि उप्पीट दिलं. ते खाऊन झाल्यावर हेडमास्तरांनी पाटीवर 'उत्तम' लिहून खाली रेघ ओढली, नमस्कार केला आणि गेले. दारातून बाहेर पडल्यावर ते रस्त्यावरच्या कुणाला तरी मोठ्यानं हाक मारत होते, ती ऐकून नवरा माझ्याकडं बघत राहिला.

महिना संपला. सोलापूरला जाऊन आले, डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू बोला. येताना बसमध्ये मी नवऱ्याशी इतकं बोलले की अक्कलकोट कधी गेलं ते कळलं नाही. त्याला कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल दाराच्या अगदी जवळ घेतलं आणि मुलाला सांगू लागले. महिनाभर साठलेलं सगळं. कांदा असा नको चिरू, आच कमी कर, शेंगदाणे आधी, मिरची मग, कढीपत्ता पुसून घे. त्याचा हात अडखळू लागला. मोहरी जळाली. त्यानं चुरमुरे पिळले ते चुकून पुन्हा पाण्यातच टाकले. अक्का तिकडून म्हणाली, टीचरबाई, जरा थांबा की. मुलानं स्टोव्ह बारीक केला आणि फुटक्या आवाजात, पण पूर्ण वाक्यात मला म्हणाला, "आई, तू बोलायलीस की माझं चुकायलंय. खाऊन झाल्यावर बोल की."

मला वाईट वाटलं. मग सुसला खाल्ला तेव्हा अजून वाईट वाटलं, आणि मी कबूल झाले. माझी शाळा सुरू झाली, तरी सकाळचा नाष्टा तोच करायचा आणि ताटं वाढून होईपर्यंत मी गप्प राहायची. शाळेत ओरडायला घसा शिल्लक राहायचा, तो एक फायदा.

अक्काचं येणं चालूच होतं. आता मला बोलता येत होतं, मुलाला मीठ कळत होतं, म्हणजे तिच्या येण्याला कारण उरलं नव्हतं. पण ते तिला सांगणार कोण? मग एका रविवारी तिचा नवरा आमच्या दारात आला. उंच, म्हातारा माणूस, पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. तो आमच्या दाराशी तोवर कधी थांबला नव्हता. माझ्या नवऱ्यानं आधी शर्टाची बटणं लावली. मी उठून उभी राहिले. मला वाटलं, आता भांडण होणार आणि गल्लीतलं आमचं राहणं अवघड होणार. अक्का भिंतीला टेकून, हातात वाटी घेऊन तशीच उभी.

त्यानं तिला कन्नडमध्ये विचारलं, रोज सकाळी इथं काय चालतं? ती म्हणाली, मीठ बघते. तो म्हणाला, एका कढईचं मीठ बघायला एवढा वेळ लागतो काय? यावर अक्कानं वाटीत बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मग त्याला म्हणाली, "आज मला कळंना झालंय. तुम्हीच बघा."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना. मुलानं मात्र कुणाला न विचारता एक ताट घेतलं, त्यात सुसला वाढला, कडेला लिंबाची फोड ठेवली आणि ते त्याच्यासमोर धरलं.

म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली. वहाणा काढल्या. त्याला वाकायला त्रास व्हायचा, त्यामुळं त्या निघायला पुष्कळ वेळ लागला. मग आत येऊन तो घोंगडीवर मांडी घालून बसला आणि खाऊ लागला. नीट, सावकाश, मधे लिंबू पिळून. अक्का आधी उभी होती, मग तीही त्याच्या शेजारी खाली बसली. ताट पुसून स्वच्छ झाल्यावर त्यानं हात धुतला आणि आम्हा सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत म्हणाला, "मीठ बराबर हाय. मिरची उद्या थोडी कमी."

ते दोघं गेले. नवरा बराच वेळ ते ताट हातात घेऊन उभा होता. मग त्यानं ते स्वतः घासलं, जे त्यानं लग्नानंतर कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलानं मिरची कमी घातली. नवऱ्याला सुसला सपक लागला. तो म्हणाला, घर आपलं, तोंड आपलं, मिरची दुसऱ्याच्या तोंडाची कामून? मुलगा म्हणाला, पाहुण्यासाठी करायची असते. नवरा म्हणाला, रोज येतो तो पाहुणा कसला? नाष्टा झालेला होता, त्यामुळं मलाही बोलायची मुभा होती. मी शाळेची वेळ होईपर्यंत बोलत राहिले.